नागपूरहून मेळघाट: सिपनेच्या काठचे तीन दिवस

वाघ दिसावा म्हणून नागपूरकर सहसा ताडोबा, पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जातात. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही चौघे मात्र अमरावती आणि परतवाड्यावरून मेळघाटात गेलो. १९७३-७४ साली देशात घोषित झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी हा एक. परंतु येथे वाघापेक्षा आधी डोंगर समजून घ्यावा लागतो.

परतवाड्यानंतर गाविलगडच्या डोंगररांगांत रस्ता वळणावळणाने चढू लागतो. सातपुड्याचा हा भाग काळ्या बेसाल्टचा आहे. उतार इतके तीव्र आहेत की पावसाचे पाणी अंगावर न थांबता खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्यांतून तापीकडे धावत सुटते. त्यामुळे उन्हाळा जवळ येऊ लागला की प्रवाह तुटतात, पाणी फक्त खोल डोहांत उरते आणि सारे जंगल त्या डोहांभोवती गोळा होते. कोलकासजवळ सिपनेच्या वळणावर आम्ही संध्याकाळी तासभर निःशब्द बसलो, तेव्हा अर्जुनाच्या सावलीतून सहा रानगवे पाण्यावर उतरले. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, हे वाटाड्याने सांगितले आणि भोवतालच्या सागवनाकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली.

मला सर्वाधिक ओढ होती ती रानपिंगळ्याची. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ नाहीसा मानला गेलेला हा पक्षी १९९७ साली आजच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. दुसऱ्या दिवशी सकाळी पानगळ झालेल्या सागाच्या फांदीवर तो उन्हात बसलेला दिसला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, तर याचे डोके जवळजवळ सपाट तपकिरी असते आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा दिसतो. तो दिवसा शिकार करतो, म्हणून सकाळची फेरी चुकवू नये. वाघाचे आम्हाला केवळ पंजाचे ठसे मिळाले, आणि अस्वलाने उकरलेली वारुळे मात्र जागोजागी दिसली.

जाणाऱ्यांनी निवास आणि सफारीचे आरक्षण वन विभागाकडे आधीच करावे, मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते हे ध्यानात घ्यावे. परतवाड्यातच इंधन भरून रोख रक्कम काढून घ्यावी, कारण पुढे मोबाइलला बराच वेळ नेटवर्क मिळत नाही. तेथून मेळघाटातले सेमाडोह गाव सुमारे ५० किलोमीटर असले तरी घाटामुळे वेळ अधिक लागतो. आम्हाला निघायला उशीर झाला आणि शेवटची वळणे अंधारात पार करावी लागली. आपण तसे करू नये, कारण सांबरे अचानक रस्त्यावर येतात. रात्री गारठा असतो, तेव्हा स्वेटर हवाच.

परतताना चिखलदऱ्याला थांबून वैराटवर जावे. ११७८ मीटर उंचीच्या त्या शिखरावरून, आपण ज्या दऱ्यांतून फिरलो त्या एकामागे एक निळसर होत गेलेल्या दिसतात.