०:०:५० आणि डब्ल्यूची नागमोडी रेघ

नाशिकच्या दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरताना ठिबकमधून ०:०:५० हे पोटॅशियमचं विद्राव्य खत सोडतात. त्याच्या एका किलोत साधारण ४१५ ग्रॅम पोटॅशियम असतं आणि त्यातले सुमारे १३ हजार अणू दर सेकंदाला फुटतात. घाबरायचं कारण नाही, आपल्या शरीरातही दर सेकंदाला चारेक हजार फुटतात. हे सगळं पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकारामुळे. क्षीण बलाच्या (असे क्षय घडवणाऱ्या बलाच्या) फाइनमन आकृत्या, म्हणजे कणांच्या क्रिया रेघांनी दाखवणाऱ्या आकृत्या, शिकायला हे उदाहरण मला फार आवडतं, कारण एकाच अणूत दोन वाटा आहेत: सुमारे ८९ टक्के वेळा बीटा-ऋण क्षय (न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन इलेक्ट्रॉन बाहेर) होऊन कॅल्शियम-४०, बाकी बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन पकडून आरगॉन-४०.

आधी बीटा क्षय. काळ डावीकडून उजवीकडे. न्यूट्रॉन ज्यांचा बनतो त्या तीन क्वार्कच्या रेघा काढा: यू (अप), डी (डाउन), डी. दोन तशाच जाऊ द्या. तिसऱ्या डीवर शिरोबिंदू (रेघा जिथे मिळतात तो बिंदू) द्या, पुढे ती यू होते. भार −१/३ वरून +२/३ झाला, म्हणजे −१ बाहेर गेला पाहिजे. म्हणून डब्ल्यू-ऋण, क्षीण बलाचा वाहक कण; त्याची रेघ नागमोडी. त्याच्या दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनो या अतिहलक्या, भाररहित कणाचा प्रतिकण).

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. या दोन्ही रेघांवरचे बाण शिरोबिंदूपासून बाहेर काढले जातात. मग लेप्टॉन अंक (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनोला +१, प्रतिकणांना −१; बेरीज बदलता कामा नये) शून्याचा दोन होतो! प्रतिन्यूट्रिनो उजवीकडेच जातो, पण तो प्रतिकण असल्याने त्याचा बाण शिरोबिंदूकडे हवा. बाण कण कुठे चाललाय ते सांगत नाही. प्रत्येक शिरोबिंदूवर एक बाण आत, एक बाहेर, एवढं तपासलं तरी निम्म्या चुका जातात.

आता दुसरी वाट, इलेक्ट्रॉन पकडण्याची. इलेक्ट्रॉन डावीकडून येतो, न्यूट्रिनो होऊन जातो. प्रोटॉनमधला यू डी होतो. लेप्टॉन अंक आत येताना +१ होता, म्हणून इथे प्रतिन्यूट्रिनो चालणार नाही. यूकडून इलेक्ट्रॉनकडे डब्ल्यू-धन म्हणा किंवा उलट दिशेने डब्ल्यू-ऋण, आकृती एकच. रेघ उभी काढून नुसतं डब्ल्यू लिहिणं उत्तम. त्यानंतर आरगॉनमधून सहसा १.४६ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) गॅमा किरण निघतो. तो विद्युतचुंबकीय आहे, या आकृतीत घुसवू नका.

डब्ल्यूचं वस्तुमान ८०.४ जीईव्ही (१ जीईव्ही = १००० एमईव्ही), बीटा क्षयात मिळणारी ऊर्जा जेमतेम १.३ एमईव्ही. म्हणून तो आभासीच राहतो, म्हणजे खरा कण म्हणून बाहेर पडत नाही, आणि क्रिया मंदावते. पण आकृती बघून आयुष्याचा अंदाज बांधू नका. मोकळा न्यूट्रॉन याच आकृतीने सरासरी पंधराएक मिनिटांत संपतो, पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल मात्र १२५ कोटी वर्षं आहे. कारण पोटॅशियम-४० च्या केंद्रकाचा स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) ४, कॅल्शियम-४० चा शून्य. एवढा फरक इलेक्ट्रॉन-प्रतिन्यूट्रिनोच्या जोडीला वाहून न्यावा लागतो, आणि तो क्वार्कच्या रेघांत कुठेच दिसत नाही.