रंकाळ्यावरचे नऊ शब्द

‘रंकाळ्यावर सायंकाळी चालताना गोड वाऱ्यासंगे संगीताची मैफल कानी आली.’ दहावीच्या विद्यार्थ्यांना प्राण्यांचे वर्गीकरण शिकवायला घेतले, की मी फळ्यावर सर्वांत आधी हे वाक्य लिहिते. यातील नऊ शब्दांची आद्याक्षरे ओळीने घेतली, की असमपृष्ठरज्जू, म्हणजे पाठीत आधाराचा दोरा (पृष्ठरज्जू) नसलेल्या, प्राण्यांचे नऊ संघ, म्हणजे मोठे गट, क्रमाने आठवतात: रंध्रीय, सिलेंटराटा, चपटे कृमी, गोलकृमी, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी आणि अर्धसमपृष्ठरज्जू. वाक्य मुद्दाम कोल्हापूरचे केले आहे. रंकाळा तलाव आणि तिथला वारा मुलांच्या नित्य परिचयाचा आहे, आणि शाहू महाराजांच्या दरबारी ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब गायले, तिथे मैफल कोणाला परकी वाटत नाही. डोळ्यांसमोर चित्र उभे करणारे वाक्य नुसत्या अक्षरमालिकेपेक्षा कितीतरी अधिक काळ स्मरणात राहते, असा माझा अनुभव आहे.

मात्र क्रम पाठ झाला म्हणजे संघ कळले, असे होत नाही. त्या क्रमालाही अर्थ आहे आणि तो याच वाक्यावर चढवता येतो. ‘रंकाळ्यावर’ म्हणताना पेशी, ‘सायंकाळी’ म्हणताना ऊती (एकसारखे काम करणाऱ्या पेशींचे समूह), ‘चालताना’ म्हणताना अवयव आणि ‘गोड’पासून पुढे अवयवसंस्था, असे मनात म्हणत गेले, की शरीररचनेची पातळी कशी चढत जाते ते आपोआप ध्यानात येते. रंध्रीयांतील स्पंजाच्या शरीरात पेशी आहेत, पण त्यांच्या खऱ्या ऊती झालेल्या नाहीत; सिलेंटराटांतील जेलीफिश आणि हायड्रा यांच्यात ऊती आहेत, पण अन्न आत जाण्यास आणि उरलेसुरले बाहेर पडण्यास वाट एकच.

सर्वांत जास्त गोंधळ कृमींपाशी होतो, म्हणून तिथे मी अधिक वेळ देते. चपटे, गोल आणि वलयी या तिघांसाठी ‘नाही, नावाला, नक्की’ असे तीन शब्द मी मुलांकडून म्हणवून घेते. देहगुहा, म्हणजे शरीराची भिंत आणि आतडे यांच्यामधली पोकळी, चपट्या कृमींना नाही. गोलकृमींना ती नावालाच आहे, म्हणजे फसवी. वलयी प्राण्यांना मात्र ती नक्की आहे, म्हणजे सत्य देहगुहा. हे तीन शब्द पक्के झाल्यावर पावसाळ्यात परसातले एक गांडूळ ओल्या तळहातावर घ्यावे. त्याच्या अंगावरची वलये डोळ्यांना दिसतात, एका टोकाच्या जवळ जाडसर, फिकट पट्टा दिसतो आणि ज्या टोकाला तो पट्टा जवळ असतो ते तोंडाचे टोक. पोटाच्या बाजूने मागून पुढे हलकेच बोट फिरवले, की किंचित खरखर लागते. ते दृढरोम, म्हणजे ताठ, बारीक केस असतात. त्यांच्या आधाराने गांडूळ मातीला धरून पुढे सरकते. एकदा ही खरखर बोटाला लागली, की ‘वाऱ्यासंगे’ या शब्दाखाली काय आहे ते पुन्हा सांगावे लागत नाही. गांडुळाला लगेच ओल्या मातीत परत सोडावे, एवढे पथ्य मात्र पाळायला हवे.

संधिपाद हा प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठा संघ आहे. त्यासाठी ‘कीटक सहा, कोळी आठ, खेकड्याला दहाची गाठ’ ही ओळ पुरते. ऊस असलेल्या घरांतील मुलांना हुमणीची पांढरी, वाकडी अळी चांगली ठाऊक असते आणि बहुतेक जण तिला कृमी समजतात. डोक्याच्या मागे पायांच्या तीन जोड्या मोजून दाखवल्या, की हा भुंग्याचा बालपणीचा अवतार आहे आणि त्याची जागा संधिपादांत आहे, हे त्यांना लगेच पटते.

‘मॅडम, गोगलगाय इतकी मऊ आहे, सरपटतेसुद्धा, मग ती कृमींत का नाही?’ असे एका मुलीने विचारले होते. मी म्हणाले, ‘तिच्या अंगावर वलये शोध बघू.’ वलये सापडत नाहीत. सापडतो तो एक रुंद मांसल पाय, आणि पाठीवर प्रावारातून, म्हणजे शरीरावरच्या मऊ आवरणातून, तयार झालेले कवच. देवघरातील शंखही अशाच एका मृदुकाय प्राण्याचे घर आहे. याच ठिकाणी मी वाक्यातील दोन शब्दांची गाठ मारून देते: म्हशीच्या यकृतात राहणारा चपटा कृमी गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या शरीरात वाढल्याशिवाय म्हशीपर्यंत पोहोचूच शकत नाही. ‘चालताना’ आणि ‘मैफल’ यांचे असे नाते दुधाच्या या जिल्ह्यातील मुले सहसा विसरत नाहीत.

कंटकचर्मी मात्र आपल्याकडे पाहायला मिळत नाहीत, कारण ते सगळे समुद्रातच राहतात. घाट उतरून रत्नागिरीकडे जाणे झाले, तर तारामाशाचे पाच हात आणि खालचे नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, अवश्य पाहावेत. अर्धसमपृष्ठरज्जू या मऊ अंगाच्या समुद्री प्राण्यांसाठी सोंड, गळपट्टी, प्रकांड एवढे तीन भाग लक्षात ठेवले की पुरे.

या क्रमाला कोणी वंशावळ समजू नये, हे मी दरवर्षी आवर्जून सांगते. वलयी आणि संधिपाद या दोघांचेही शरीर खंडांचे बनलेले असते, म्हणून पूर्वी त्यांना निकटचे नातलग मानत असत. १९९७ मध्ये जनुकांच्या तुलनेवरून मांडले गेले, की संधिपादांचे जवळचे नाते गोलकृमींशी आहे, कारण दोघेही वाढताना कात टाकतात. वलयी आणि मृदुकाय हे वेगळ्या शाखेवर एकमेकांच्या जवळ आहेत. कंटकचर्मी तर या यादीतील बहुतेक सर्वांपेक्षा आपल्याला अधिक जवळचे आहेत. अकरावीत गेलेल्या मुलांनी सिलेंटराटानंतर टीनोफोरा हा जेलीसारख्या समुद्री प्राण्यांचा संघही जोडावा आणि ‘चालताना’ हा शब्द काढून वाक्य असे म्हणावे: ‘रंकाळ्यावर सायंकाळी टिपूर चांदण्यात गोड वाऱ्यासंगे संगीताची मैफल कानी आली.’