शुक्रवारी रात्री सातही व्हीएम कुठे होती?

भोसरीच्या एका ऑटोपार्ट कारखान्यात मी सर्व्हर सांभाळतो. हायपर-व्हीचे (एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) दोन होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रं; दोन्हींत 8 कोरचे दोन-दोन प्रोसेसर, म्हणजे होस्टमागे 16 कोर. त्यांवर विंडोज सर्व्हरची सात व्हीएम (आभासी सर्व्हर), चार एकावर आणि तीन दुसऱ्यावर. शिवाय उबंटूची दोन, त्यांना विंडोजचं लायसन्स लागत नाही. लायसन्स तपासणीचं पत्र आलं तेव्हा मी निर्धास्त होतो. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये होस्टचे सगळे कोर एकदा भरले, म्हणजे तेवढ्या कोरांचं लायसन्स घेतलं, की दोन व्हीएम चालवता येतात. तीन किंवा चार चालवायची तर तेच कोर पुन्हा भरायचे. म्हणजे होस्टमागे 32 कोर, दोन्ही मिळून 64. तेवढे आम्ही घेतले होते, बिलं फाइलला होती.

तपासायला आलेल्या मॅडमनी बिलं पाहिली, मान डोलावली आणि क्लस्टरचा, म्हणजे जोडलेल्या दोन्ही होस्टचा, लॉग उघडायला सांगितला. एका ओळीवर पेन टेकवून म्हणाल्या, "सर, या शुक्रवारी रात्री सातही व्हीएम दुसऱ्या होस्टवर दिसतायत."

ती रात्र मला चांगली आठवत होती. पहिल्या होस्टच्या रॅमचे एरर यायला लागले होते. मी चारही व्हीएम चालू स्थितीत पलीकडे सरकवली, होस्ट बंद केला, रॅमची पट्टी बदलली आणि पहाटे सगळं परत जागेवर आणलं. डिस्पॅचची एकही गाडी चलनासाठी थांबली नाही. नोकरीतलं माझं ते सगळ्यात नेटकं काम, असं मी आजही म्हणेन.

पण लायसन्स व्हीएमबरोबर सरकत नाही. ते होस्टला, त्या लोखंडाला बांधलेलं असतं आणि एकदा एका होस्टला दिलं की 90 दिवस दुसऱ्याला देता येत नाही. हार्डवेअर कायमचं निकामी झालं तर सूट आहे, पण पट्टी बदलून जो होस्ट पहाटे चालू झाला त्याला कायमचा निकामी कसं म्हणणार? त्या रात्री दुसऱ्या होस्टवर सात व्हीएम होती आणि लायसन्स होतं चारांचं.

2022 पासून व्हीएमनुसार लायसन्स घेण्याचीही सोय आहे, पण त्याला सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (लायसन्ससोबत मायक्रोसॉफ्टशी केलेला वेगळा सशुल्क करार) किंवा सबस्क्रिप्शन लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

मॅडम गेल्यावर कागद घेऊन बसलो. कोणताही होस्ट कधीही बंद पडू शकतो, म्हणून सातही व्हीएमचं लायसन्स दोन्हीकडे हवं. सातासाठी कोर चारदा भरायचे, म्हणजे होस्टमागे 64, एकूण 128. होते त्याच्या बरोबर दुप्पट. डेटासेंटर आवृत्तीत हव्या तेवढ्या व्हीएम चालतात, पण तिची किंमत स्टँडर्डच्या पाच-सहा पट, त्यामुळे होस्टमागे दहा-बारा व्हीएम झाल्याशिवाय ती परवडत नाही.

मग व्हीएमच एकेक करून तपासली. प्रिंट सर्व्हर आणि फाइल सर्व्हर वेगवेगळे ठेवले होते, ते निव्वळ सवयीनं. एकत्र केले तर सहाच उरतात. सहासाठी कोर तीनदा, होस्टमागे 48, एकूण 96. तुटवडा 64 वरून 32 कोरांवर आला. एका व्हीएमसाठी 32 कोर! सात हा आकडा विषम आहे, याचा मी इतक्या वर्षांत कधी विचारच केला नव्हता.

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि चूक माझी आहे हे आधीच सांगून टाकलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे होस्ट बंद पडला तर व्हीएम सरकवायची नाहीत का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "सरकवायचीच साहेब, त्याचसाठी दोन होस्ट आहेत. पण सरकवायचा हक्कही विकत घ्यावा लागतो. तो आपण घेतला नव्हता." 32 कोरांची ऑर्डर त्याच आठवड्यात गेली. शनिवारी मी दोन्ही सर्व्हर एकत्र केले.

तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय. मागच्या आठवड्यात क्वालिटीवाल्यांना टेस्टिंगसाठी एक व्हीएम हवं होतं. सातवं विंडोज म्हणजे पुन्हा 32 कोर. मी आधी विचारलं, तुमचं सॉफ्टवेअर उबंटूवर चालतं का? चालतं म्हणाले. दुपारपर्यंत करून दिलं.