मोठ्या माणसांचा वर्ग सांभाळताना

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. शाळा अर्ध्यावर सुटलेली माणसं मुक्त विद्यालयातून दहावीला बसतात. त्यांना मी गणित शिकवते. वीस वर्षं मुलांना शिकवलं होतं, त्यामुळे वर्ग आवरणं जमेल असं धरून चालले होते.

पहिल्याच महिन्यात गोंधळ. मागे चौघांची सतत कुजबुज, फोन आला की जागेवरूनच मोठ्याने बोलणं. त्यात खाणीवर ट्रक चालवलेले एक दादा घडीघडी विचारायचे, "बाई, हें आमकां कित्याक जाय?" म्हणजे हे आम्हाला कशाला हवं. सगळे हसायचे आणि गणित तिथेच राहायचं. एकदा मी एका तरुणाला फोनवर बोलला म्हणून सगळ्यांसमोर झापलं, पोरांना झापावं तसं. तो वही उचलून गेला. मागच्या बाकावर त्याचे मामेसासरे बसले होते, हे मला नंतर कळलं.

दोन दिवस नीट झोप लागली नाही. मग बोलण्याआधी नुसतं बघायचं ठरवलं. प्राथमिक शाळेची बाकं. माणसांचे गुडघेच मावत नव्हते, म्हणून सारखी ऊठबस. देवळातून खुर्च्या मागून आणल्या. मागची कुजबुज बरीचशी गणिताचीच होती, एकमेकांना कोकणीत समजावणं चाललेलं. त्यासाठी प्रत्येक गणितानंतर पाच मिनिटं ठेवली. फोन आला तर न विचारता ओसरीवर जायचं, एवढंच सांगितलं.

दादांशी वर्ग सुटल्यावर एकट्याने बोलले. २०१२ ला खाणी थांबल्या, पुढे ट्रक विकावा लागला. आता नोकरी मागायला गेलं की दहावीचा कागद मागतात. त्यांचा प्रश्न खरा होता, मीच त्याला उत्तर देत नव्हते. दुसऱ्या दिवशी शेकडेवारीला खनिज घेतलं: १० टन माल, ५८ टक्के लोह, तर लोह किती? दादा उठलेच. "आधी ओल वजा करा, बाई!" मग ८ टक्के ओल धरून ९.२ टन, त्यातलं लोह ५.३३६ टन. फळ्यावर त्यांनीच मांडलं. सोपं गणित दोन पायऱ्यांचं झालं आणि सगळ्यांना कळलं.

त्यानंतर दादा गप्प झाले असं नाही. आता प्रत्येक उत्तर तेच आधी द्यायचे. साखळीहून येणाऱ्या दोघी वहीत मान घालून बसायच्या आणि पावणेनऊची कदंब बस पकडायला पळायच्या. माणसाची अडचण समजून घ्यावी, पण तिची किंमत न बोलणाऱ्यांनी मोजावी हे मला पटत नाही. नियम केला: सगळ्यांचं लिहून होईपर्यंत उत्तर सांगायचं नाही. दादांना तो आधी बाजूला घेऊन सांगितला. तरी आठवड्याने ते विसरलेच. तेव्हा त्या दोघींतली एक वर न बघता म्हणाली, "दादा, मातशे ओगी रावात." म्हणजे जरा गप्प राहा. ते थांबले. तिचं लिहून होईपर्यंत थांबले.

त्या तरुणाच्या घरी मी जाऊन आले, माफी मागितली. तो फारसं बोलला नाही. त्याची नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय देता येतो, हे सांगून आले. त्याची खुर्ची आम्ही दाराजवळ ठेवली आहे.