आमची वाटचाल : पोत्यापासून क्लोरीनच्या टक्क्यापर्यंत

ग्रामपंचायतींना टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, पुरवायला लागलो तेव्हा हिशेब पोत्यांचा होता. आता आधी बघतो ते पावडरीतल्या क्लोरीनचा टक्का. ताज्या मालात तो साधारण 33 असतो, बाकी बहुतेक चुनाच. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या शेडात पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडतो. पावडर ओलसर होऊन गोळे धरते आणि शेजारच्या लोखंडी कपाटाला गंज चढतो. असा गंज दिसला, की माल पहिल्या जोराचा राहिला नाही हे ओळखावं.

म्हणून उन्हाळ्यात आम्ही साठा थोडाच ठेवतो. पक्क्या छताची कोरडी, हवेशीर खोली, खाली लाकडी फळ्या, पोत्यांची तोंडं घट्ट बांधलेली. ॲसिड, डिझेल, खत तिथे ठेवायचं नाही. ॲसिड पावडरीला लागलं तर क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या अडीचपट जड असल्याने खालीच साचतो आणि फुफ्फुसं जाळतो.

विहिरीसाठी ताजी पावडर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. व्यास 5 मीटर आणि पाणी 4 मीटर खोल असेल तर पाणी भरतं 78,500 लिटर, म्हणजे पावडर सुमारे 200 ग्रॅम. टक्का 20 वर आला असेल तर तीच 330 ग्रॅम लागते. प्लास्टिकच्या एका बादलीत 100 ग्रॅमच घ्यावी. आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवून मग बादली पाऊण भरावी, ढवळून दहा मिनिटं ठेवावी. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोराने पाण्याखाली सोडावी आणि वरखाली हलवावी. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नये, पाणी जड होतं. तासभर उपसा बंद.

मृगाच्या पहिल्या गढूळ पाण्यात हा हिशेब चुकतो, कारण क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. तेव्हा ओटी टेस्ट करायचीच, म्हणजे ऑर्थोटोल्युडिन (ओटी) टाकून पाण्यात मोकळा, खर्ची न पडलेला क्लोरीन उरला का ते पिवळ्या रंगावरून बघायचं. 1 मिलि पाण्यात 0.1 मिलि ओटी टाकून दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा. उशिरा आलेला पिवळेपणा मोकळ्या क्लोरीनचा धरू नये. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. तपासलेलं पाणी फेकून द्यावं.

यवतमाळ, चंद्रपूरकडून फ्लोराइडसाठीही पावडर मागतात. आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. क्लोरीन जंतू मारतो, फ्लोराइड काढत नाही. त्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून पिण्यासाठी दुसरा स्रोतच धरावा लागतो.