सिंगापूर ते नेवार्क: साडेअठरा तास एकाच विमानात

मे महिन्यात मी सिंगापूरहून बहिणीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले, न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कच्या थेट विमानाने. सरळ अंतर सुमारे 15,340 किलोमीटर. नकाशावर सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते, पण आमचं विमान जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडून अलास्का-कॅनडावरून गेलं. अंतर वाढतं, तरी पाठीशी जेट स्ट्रीमचा, म्हणजे उंचावरून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा मिळाला की वेळ वाचतो. त्यामुळे तिकीट काढताना किलोमीटर मोजत बसू नका. वेळापत्रकात साधारण साडेअठरा तास धरलेले असतात, तेवढेच धरून चाला.

हे विमान एअरबस ए350-900 यूएलआर, म्हणजे अतिलांब पल्ल्याचं. नेहमीच्या ए350-900 मध्ये 1,41,000 लिटर इंधन मावतं, यात 1,65,000. वजन आवरण्यासाठी प्रवासीही कमी: बिझनेसच्या 67 जागा, प्रीमियम इकॉनॉमीच्या 94. साधी इकॉनॉमी नाहीच, म्हणजे तिकीट महाग. सोबत म्हातारी माणसं असतील तर मात्र मधला विमानतळ, पुन्हा तपासणी, लांबलचक चालणं हे सगळं टळतं, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

झोपेचं गणित आधीच मांडून ठेवा. उन्हाळ्यात दोन्ही शहरांत बरोबर 12 तासांचा फरक, हिवाळ्यात 13. विमान मध्यरात्रीच्या सुमारास सुटतं, तेव्हा नेवार्कला दुपार होत आलेली असते. वाटेत खिडकीबाहेर एक अख्खा दिवस उजाडतो आणि मावळतो, आणि उतरता ते पुन्हा पहाटे. सुटल्या सुटल्या डोळे मिटतातच, तिथे तीन-चार तासांवर थांबा. खरी झोप शेवटच्या सात-आठ तासांत घ्या, कारण तीच तिकडची रात्र. मी जेवून विमानात बसले, पहिलं जेवण नाकारलं, आणि पोट हलकं राहिलं.

शाकाहारी जेवण किमान 24 तास आधी नोंदवा. मधल्या वाटेकडेची जागा घ्या, दर दोन तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत (विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत) फेरी मारा, पाणी पीत राहा. पायांना सूज येणाऱ्यांनी घट्ट मोजे घालावेत, पण डॉक्टरांना विचारून.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांनी मात्र या विमानाच्या मोहात पडू नये. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. त्यासाठी आधी पूर्वेला सिंगापूरपर्यंत 3,900 किलोमीटर जाणं म्हणजे उलटा घास.

उतरल्यावर बॅगेतले खाण्याचे पदार्थ कस्टम्सला सांगून टाका. ताजी फळं नेऊच नका. एडिसनला जायला एअरट्रेनने (विमानतळावरच्या छोट्या गाडीने) विमानतळाच्या रेल्वे स्थानकावर या आणि तिथून एनजे ट्रान्झिट या न्यू जर्सीच्या रेल्वेसेवेची नॉर्थईस्ट कॉरिडॉर मार्गावरची गाडी पकडा. पहाटे गाड्या कमी असतात, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवा.