नोंद ७ : पहिला 'सा' सापडला

काल रात्री सव्वाअकराला चाचणीतले पन्नासपैकी पन्नास ठोके आले. लागोपाठ तीनदा. गाण्याची सुरुवातच गडप होण्याचं, तीन आठवडे छळणारं दुखणं गेलं, म्हणून ही नोंद घाईनं लिहितोय.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना जोडणी माहीत आहेच: डेस्कटॉपच्या मागचं ऑप्टिकल (आवाजाचे आकडे उजेडातून बाहेर देणारी खाच), तिथून डॅक (त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डबा), तिथून ॲम्प. गाणं लावलं की पडद्यावर काटा लगेच पळायला लागायचा आणि आवाज दीडएक सेकंदानं उगवायचा. नुसता उशीर असता तर चाललं असतं, पण तेवढा तुकडा कायमचा गडप व्हायचा. एकामागून एक गाणी लावली की सगळं ठीक. मध्ये जरा थांबलं की पुढच्याची सुरुवात गेलीच.

दीड सेकंदाचं एवढं काय, असं एकानं विचारलं होतं. माझ्याकडे आमच्या अण्णांच्या कॅसेटी आहेत आणि त्यांत कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, सगळ्यांत जास्त. बेळगावजवळचं सुळेभावी आमच्यापासून जवळ, १९२४ साली कुमारजी तिथे जन्मले, त्यामुळे अण्णांना ते घरचेच वाटतात. क्षयाच्या आजारानं फुप्फुसाला इजा झाल्यावर त्यांनी छोट्या, झेप घेणाऱ्या तुकड्यांचं गाणं उभं केलं. त्यातली पहिली झेपच कापली गेली तर ते गाणं लंगडतं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांचं तर विचारूच नका. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, गायक पहिल्या क्षणापासून सुरात. अण्णा खुर्चीत बसून म्हणाले, "सा कुठाय रे? तुझ्या डब्यानं खाल्लाय की." तेव्हापासून मला चैन नव्हती.

पहिला संशय केबलवर. खडेबाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "हीच घ्या की ओ, सोन्याचं टोक हाय." ऑप्टिकलमधून जातो तो उजेड, टोकाला सोनं असो की प्लास्टिक, त्याला फरक पडत नाही. मी साधी दीड मीटरची घेतली. ठोके तेवढेच गेले. मग अण्णांचा जुना सीडी प्लेअर त्याच केबलनं त्याच डॅकला लावला. पॉज करून चहा पिऊन आलो, सोडला, पहिला सूर जागच्या जागी! म्हणजे केबल निर्दोष, डॅकही निर्दोष. ही तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती, तुम्ही तरी आधी ती करा.

ठोक्यांची पद्धत सांगतो, कारण नुसत्या कानावर भरवसा ठेवला तर रोज वेगळं उत्तर येतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दर १०० मिलिसेकंदाला एक असे पन्नास ठोके बनवले. दहा सेकंद शांत थांबायचं, फाइल लावायची आणि डॅकचा ॲनालॉग आवाज जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा. मग ठोके मोजायचे. माझे छत्तीस यायचे. चौदा गेले, म्हणजे १.४ सेकंद.

खरा धागा वीज गेल्यावर हाती लागला. संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसवर फक्त डेस्कटॉप चालू, खोलीत अंधार. केबलचं डॅककडचं टोक माझ्या हातात होतं आणि त्याचा लाल ठिपका वहीच्या पानावर पडला होता, डाळिंबाच्या दाण्याएवढा. मी गाणं थांबवलं. ठिपका काही सेकंद तसाच राहिला आणि मग विझला. पुन्हा लावलं, पेटला. चार वेळा करून पाहिलं. म्हणजे गाणं थांबलं की संगणकच ऑप्टिकलचा दिवा मालवत होता.

दिवा विझतो तर वीज वाचवणारी सोय बंद करायची, म्हणून साउंड ड्रायव्हरचा पॉवर सेव्ह शून्यावर आणला. ठिपका आता तासभर थांबलं तरी पानावरून हलेना. आनंदानं ठोके मोजले: छत्तीस. दिवा चालू, सुरुवात गायब! त्या रात्री मी सगळं बंद करून झोपलो.

इथं काय घडतं ते नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे. या तारेत वेगळं घड्याळ जात नाही, घड्याळ आकड्यांतच विणलेलं असतं. डॅक त्या ठेक्याला आपला ठेका जुळवतो, यालाच आपण लॉक म्हणतो. संगणकानं शून्यं पाठवली तरी ठेका चालूच राहतो, आवाज नसला तरी लॉक असतो. पण पाठवणंच थांबवलं, तर लाल दिवा नुसता जळत राहिला तरी डॅकला धरायला काही उरत नाही. मग नव्यानं ठेका धरणं, रिले (डॅकमधला विजेचा खटका) टक्क होणं, दाबून धरलेला आवाज मोकळा होणं, आणि तोवर गाणं पुढं गेलेलं. अण्णांचा सीडी प्लेअर पॉजमध्येही शून्यं पाठवत राहतो, म्हणून त्याचा 'सा' शाबूत.

आता पाठवणं थांबवतं कोण? लिनक्सवर आवाजाची ने-आण पाइपवायर करतो आणि कोणतं उपकरण कधी चालू ठेवायचं हे बघायला त्याच्या जोडीला वायरप्लंबर असतो. पाच सेकंद काही वाजलं नाही की तो साउंड कार्ड झोपवतो. हा काळ शून्य केला की तो झोपवत नाही. मी जुन्या टिपणातून ल्युआ या भाषेत लिहिलेली सेटिंगची फाइल उतरवली, संगणक पुन्हा सुरू केला, काही नाही. जागा बदलली, नाव बदललं, दोन संध्याकाळी गेल्या. कारण साधं होतं: वायरप्लंबर ०.५ या आवृत्तीपासून ल्युआतली सेटिंगं वाचतच नाही, नव्या धाटणीची कॉन्फ फाइल लागते. चूक झाली असंही कुठं उमटत नाही, याचा मला खरोखर राग आला. नवी फाइल सात ओळींची. ठेवली, सेवा पुन्हा सुरू केली, मोजले: पन्नास. विंडोजवाल्यांनी साउंड कीपर हा प्रोग्राम पाहावा, तो न ऐकू येणारा आवाज पाठवत राहून हेच काम करतो.

एक उपद्रव मात्र उरलाय. सीडीवरून घेतलेली गाणी ४४.१ किलोहर्ट्झची (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने), कॅसेटीवरून केलेल्या प्रती ४८च्या. नोंद ४मध्ये मीच दोन्ही दर मोकळे ठेवले होते. एकीकडून दुसरीकडे गेलं की डॅक पुन्हा लॉक शोधतो, रिले टक्क, नऊ ठोके गेले. मी ठरवलं होतं की सगळं ४८लाच बांधायचं आणि सीडीची गाणी वाजताना रूपांतरित होऊ द्यायची.

पण हे लिहिता लिहिता दुसरं सुचलं. कॅसेटींच्या मूळ फायली माझ्याकडे ९६च्या आहेत. ऐकायच्या प्रती त्यांतूनच पुन्हा ४४.१च्या काढल्या तर गाण्यांचा सगळा साठा एकाच दरावर येतो आणि सीडींना हात लावावा लागत नाही. ४८ फक्त व्हिडिओला लागेल, तिथं नऊ ठोके गेले तरी चालतील. तेव्हा ४८चा बेत रद्द.

आज सकाळी अण्णांना न सांगता कुमारजींचं निर्गुणी भजन लावलं. आधी मुद्दाम दहा मिनिटं सगळं शांत ठेवलं होतं. पहिला स्वर आला तसा अण्णांचा पेपर खाली आला. काही बोलले नाहीत, भजन संपेपर्यंत घडी मांडीवरच होती. मग म्हणाले, "परत लाव." मी पुन्हा पाच मिनिटं थांबून लावलं.

रूपांतर आता मागे चालू आहे, एकेचाळीस कॅसेटींपैकी सहा झाल्या.